बिनपैशाची सहल

सहल म्हटले की आजकाल घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘कुठे जायचे’ हा नव्हे. पहिला प्रश्न निघतो ‘किती पडतील’ हा. तो आईने विचारलेला असो की बापाने, मुलांच्या कानावर पडतो आणि मुले गप्प बसतात. आज मी बोलणार आहे ते या गप्प बसणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी. समुद्रकाठच्या एका शहरात, पदराला फारशी खार न लावता, घरातल्या लहानथोरांनी मिळून काय पाहावे, कसे पाहावे आणि कोणती खबरदारी घ्यावी, एवढाच आजचा विषय.

शहर आहे मिरा-भाईंदर. मुंबईच्या उत्तरेला, साष्टी बेटाच्या अगदी टोकाला ते वसले आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. आगगाडीतून जाणाऱ्याला नुसत्या इमारतीच इमारती दिसतात. २०११ च्या जनगणनेतच इथली वस्ती आठ लाखांच्या वर गेली होती. पण हे शहर म्हणून जन्माला आलेले नाही, बरं का. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन, पाली, चौक, नवघर, गोडदेव, काशी, घोडबंदर ही सगळी गावे या शहराच्या पोटात अजून आहेत. आगरी, कोळी, ख्रिस्ती अशी जुनी मंडळी तिथे नांदत आहेत. तेव्हा शहर पाहायचे म्हणजे खरे तर ही गावेच पाहायची. आणि गाव पाहायला तिकीट लागत नाही.

मी पेशाने शिक्षक. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. माझे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातले, माढा तालुक्यातले. मागे एका मे महिन्यात माझा पुतण्या बायकामुलांसह चार दिवसांसाठी माझ्याकडे आला. बरोबर त्याची आई, म्हणजे माझ्या वहिनी. वय सत्तरीच्या घरात. समुद्र कधी पाहिलेला नाही. मुलगी सातवीत गेलेली, मुलगा तिसरीत.

पहिल्या दिवशी मी चूक केली. पाहुण्यांना काहीतरी भारी दाखवावे म्हणून त्यांना एका मोठ्या थंडगार मॉलमध्ये घेऊन गेलो. पाळण्याला तिकीट, मोटारीला तिकीट, पडद्यावरच्या खेळाला तिकीट, आणि पोरांना भूक लागली तर त्याचे निराळे. पुतण्याने मला एकदाही पैसे देऊ दिले नाहीत. “काका, आमी आलोय न्हवं पाहुनं? मग पोरांची हौस आमची,” असे म्हणत राहिला. रात्री सगळे झोपल्यावर मी पाणी प्यायला उठलो, तर तो गॅलरीत बसून कागदावर आकडे मांडत होता. त्या साली कांद्याला भाव नव्हता. एका दुपारी किती पिशव्या कांदा उडाला, त्याचा तो हिशेब होता.

मला पाहून त्याने कागद मुठीत धरला. म्हणाला, “काका, पोरांनी निस्ता समुद्र मागितला व्हता. त्यो ऱ्हायलाच.”

श्रोतेहो, मला शरम वाटली. ज्या गावात मी इतकी वर्षे राहिलो, तिथल्या समुद्राला पैसा पडत नाही हे मी विसरलो होतो. मी त्याला म्हटले, “उद्यापासून बसचे भाडे सोडून एक रुपया मोडायचा नाही. शिदोरी घरची, पाणी घरचे, आणि पाय आपले.”

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो ते मिठागराकडे. भाईंदर पश्चिमेला स्टेशन मागे टाकले की राई-मुर्ध्याकडे जाणारा रस्ता लागतो. एके काळी या भागात जिकडे पाहावे तिकडे मिठागरेच असत. आता पूर्वीइतकी ती राहिलेली नाहीत, आणि चालू आगर शोधावे लागते. आम्हाला एक सापडले. सकाळच्या उन्हात कडेला पांढऱ्या मिठाच्या राशी लागल्या होत्या. धाकट्याने विचारले, “आजोबा, हे बर्फ हाय?”

मिठागर म्हणजे मिठाचे शेतच. उधाणाच्या भरतीचे पाणी वाट करून आत घ्यायचे आणि मोठ्या तळ्यात साठवायचे. उन्हाने ते आटत जाते तसे एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवायचे, आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरले की ओढून बांधावर रास घालायची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटून सुमारे दहाव्या हिश्शावर आले म्हणजे आपले खाण्याचे मीठ खाली बसू लागते. दिवाळीनंतर वाफे तयार करायचे, आणि पाऊस येईपर्यंत काढता येईल तेवढे मीठ काढायचे, असा हा हंगाम.

बांधाशी काम करणाऱ्या एका गृहस्थाला विचारून आम्ही कडेला उभे राहिलो. वहिनींनी बराच वेळ न बोलता सगळे पाहिले. मग त्या म्हणाल्या, “भाऊजी, हे बी रानच की. पानी पेरायचं आन् मीठ काढायचं.” आणि लगेच त्या माणसाला विचारले, “आन् दादा, अवकाळी आला मंग?”

तो हसला. म्हणाला, “आजी, एक सर आली की वाफ्यातला मीठ पान्यात गेला. परत पहिल्यापासून.”

वहिनींनी मान डोलवली. त्या दोघांना एकमेकांची ओळख पटायला आणखी काही लागले नाही. दोन अनोळखी कष्टकरी माणसे एका वाक्यात एकमेकांच्या काळजाला हात घालतात, हे नातवंडांनी डोळ्यांनी पाहिले. तिकीट काढून हे कुठे दाखवणार?

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मिठागर ही कुणाची तरी मालमत्ता असते आणि कुणाचे तरी पोट असते. विचारल्याशिवाय बांधावर जाऊ नये; ओल्या बांधावर पाय घसरतो आणि वाफाही बिघडतो. आणि ज्यांना समुद्र लांब आहे त्यांनी हा धडा शाळेतच करावा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, परातीत ओता आणि गच्चीवर उन्हात ठेवा. रोज सकाळी मुलांनी पाण्याची खोली मोजून वहीत मांडावी. तळाशी पहिला खडा कधी दिसला, त्या दिवशी किती पाणी उरले होते, हे पाहावे. मग १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाचा धडा काढावा. वडाळ्याला आणि शिरोड्याला माणसांनी लाठ्या कशासाठी खाल्ल्या, हे मुलांना निराळे समजावावे लागणार नाही. परातीतले पाणी, आकाशातले ऊन, आणि त्यावर कर!

त्याच संध्याकाळी आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या खाडीकाठी गेलो. लोक त्याला चौपाटी म्हणतात. पण वाळूची चौपाटी मनात धरून गेलात तर फसाल. तिथे आहे खाडी, खाडीवरचा वारा आणि आगगाडीचा पूल. धाकट्याला आणखी काय हवे? प्रत्येक गाडीचे डबे मोजणे सुरू झाले. बारा डब्यांची आली की तो बोटे दाखवी, पंधरा डब्यांची आली की आरडाओरडा करी. मी त्याला सांगितले, या मार्गाने विरारहून मुंबईला पहिली लोकल गाडी १८६७ सालच्या एप्रिलमध्ये गेली. तेव्हा तुझ्या आज्याचा आजाही जन्मला नसेल. वसईहून भाईंदरला माणसे आणि मोटारी घेऊन येणारी रो-रो बोटही २०२४ सालच्या फेब्रुवारीत सुरू झाली. पण तिला तिकीट पडते, म्हणून ती आमच्या यादीत नव्हती!

खाडीकाठी आणखी एक नवल आहे. चिखलात उभी असलेली ती हिरवी झाडी तिवराची आणि कांदळाची. तिवराभोवती चिखलातून शेकडो काड्या वर आलेल्या दिसतील. त्या काड्या नव्हेत, त्या झाडाच्या मुळ्या आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळ्या वर काढून श्वास घेते. जरा वेळ न हलता उभे राहिलात तर चिखलावर टुणटुण उड्या मारणारा मासा दिसेल. त्याला निवटी म्हणतात. मासा असून तो पाण्याबाहेर हिंडतो, हे पाहून पुतण्याचीच बोलती बंद झाली. हिवाळ्यात आलात तर कुरव, शेकाट्या, बगळे असे कितीतरी पक्षी दिसतील. त्यांना शेव-गाठी टाकू नका. त्यांचे अन्न त्यांना खाडी देते. तळलेले पीठ त्यांच्या पोटाला नव्हे.

ही झाडी म्हणजे उगाच माजलेले रान, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. भरतीच्या पाण्याचा जोर ती मोडते, किनाऱ्याची माती धरून ठेवते, आणि माशांची पिल्ले तिच्या मुळांत वाढतात. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात ती तोडायला मनाई केली, ती यासाठीच. मुलांना घेऊन तिथे जा, पण पिशव्या आणि बाटल्या परत आणा. तिवराच्या श्वासमुळ्यांवर प्लास्टिक अडकले की झाडाचे नाक दाबल्यासारखे होते.

तिसऱ्या दिवशी समुद्र. भाईंदर पश्चिमेहून बसने उत्तनला गेलो. पण तिथे काय पाहिले ते सांगण्याआधी मला माझीच एक जुनी चूक सांगितली पाहिजे.

मी नवा मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. अठरा-वीस मुलांना घेऊन या बाजूच्या किनाऱ्यावर आलो होतो. ओहोटी होती. खडक उघडे पडले होते. मुले खेकडे आणि शंख पाहत पुढे पुढे गेली आणि मीही त्यांच्यामागे गेलो. समोर पाणी लांब होते, म्हणून मी निर्धास्त. तेवढ्यात मागून एका कोळणीची हाक आली, “ओ मास्तर, पानी फिरला! पोरांना भायेर कारा!” वळून पाहतो तर आमच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या सखल पट्ट्यात पाणी भरले होते. समुद्र समोरून येतो एवढेच मला ठाऊक होते. तो मागूनही येतो हे ठाऊक नव्हते. ती बाई आणि दोन कोळी कमरेइतक्या पाण्यात उतरले. आम्ही साखळी करून एकेक मूल बाहेर काढले. कुणाला काही झाले नाही. पण त्या रात्री मी झोपलो नाही. बाहेर आल्यावर ती बाई मला एकच वाक्य बोलली होती, “मास्तर, तिथी बघून यायचा.”

तिथी बघून यायचे म्हणजे काय, ते मी मग एका वृद्ध कोळ्याकडून शिकून घेतले. श्रोतेहो, कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. ज्या दिवशी जायचे त्या दिवसाची तिथी पाहा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. उदाहरणार्थ, चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन; म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी. आठाची पाऊणपट सहा; म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीपासून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास पाणी अगदी खाली गेलेले असेल.

याचे कारणही सोपे आहे. भरती येते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीने, आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते. पाऊण तासाचा हिशेब त्यातूनच आला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते. पाणी खूप चढते आणि खूप उतरतेही. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा चढउतार कमी. हा हिशेब ढोबळ आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. वर्तमानपत्रांत मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा येतात, त्यांच्याशी तो ताडून पाहावा. आणि नियम एकच पाळावा: पाणी उतरत असताना जायचे, पाणी फिरले की निघायचे. पावसाळ्यात खडकांवर मुळीच जायचे नाही. मूल पाण्याकडे तोंड करून उभे असले तर एका मोठ्या माणसाने पाठीमागच्या वाटेकडे लक्ष ठेवायचे.

तर आम्ही गेलो त्या दिवशी वद्य तृतीया होती. तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे ओहोटी सव्वाआठला. मी मुलीलाच हिशेब करायला लावला. सात वाजता आम्ही किनाऱ्यावर होतो. पाणी उतरत होते. वहिनींनी चपला काढल्या, वाकून पाण्याला हात लावला आणि तो हात कपाळी नेला. मग म्हणाल्या, “एवढं पानी, आन् आमच्याकडं टँकर.” त्यावर कुणी काही बोलले नाही.

खडकांतल्या डबक्यांत मुलांनी तासभर काढला. आमचा नियम असा होता की पाहायचे, मोजायचे, पण उचलून घरी न्यायचे नाही. रिकामा शिंपला चालेल; जिवंत असेल ते जागेवर ठेवायचे. नऊच्या आधी आम्ही बाहेर आलो.

उत्तनचा कोळीवाडा पाहण्यासारखा आहे. बांबूंच्या उंच मांडवांवर, ज्यांना वलांडी म्हणतात, दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातलेले असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. ना खिळा, ना गाठ. बोंबील पकडतात ते डोल नावाच्या जाळ्याने. ते असते लांबलचक पिशवीसारखे. समुद्रात रोवून त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवतात. भरती-ओहोटीची ओढ मासे आत आणून टाकते. म्हणजे कोळ्याचे घड्याळही चंद्रच. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, म्हणून मेअखेर सुकवण्याची घाई. आमच्या सूनबाईंनी एका बाईला विचारले आणि दहा मिनिटे तिच्याबरोबर बोंबील टांगू लागल्या. मुलांना वास सहन होईना. त्यांनी नाकाला रुमाल लावला तशी वहिनींनी दटावले, “खळ्यावर धुरळा उडतो तवा कुनी नाक धरतं का? कामाचा वास हाय त्यो.” दुसऱ्याच्या वस्तीत शिरताना एवढे ध्यानात ठेवावे. विचारून उभे राहावे, विचारून फोटो काढावा, आणि नाक धरू नये.

इथले पुष्कळ कोळी ख्रिस्ती आहेत, आणि बोलतात मराठीच. भाताचे पहिले लोंबर देवळात नेऊन देवाचे आभार मानण्याचा आगेरा नावाचा सण ही मंडळी ऑक्टोबरात करतात. आपल्याकडे नव्याची पौर्णिमा करतात, तीच भावना. मुलांना हे सांगितले म्हणजे माणसामाणसांतले अंतर किती थोडे आहे हे त्यांना कळते.

उत्तनपासून पुढे चौक गाव. तिथल्या उंचवट्यावर धारावीच्या किल्ल्याची जागा आहे. मुंबईतल्या धारावीशी तिचा संबंध नाही. खाडीच्या मुखापलीकडे वसई. वसईची मोहीम १७३७ ते १७३९ अशी चालली. वसईचा किल्ला पोर्तुगिजांचा, आणि त्यांना रसद मिळे समुद्राकडून. धारावीचा हा काठ हाती असेल त्याच्या तोफा खाडीचे तोंड रोखू शकत. म्हणून चिमाजी आप्पांनी या जागेसाठी एवढी झुंज दिली. १७३९ च्या मार्चमध्ये धारावी मराठ्यांच्या हाती आली आणि मे महिन्यात वसई पडली. भीमाशंकरच्या देवळातली किंवा वाईजवळच्या मेणवलीची ती परदेशी घंटा तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल. ती या वसईच्या मोहिमेतली. इथे चिमाजी आप्पांचे स्मारक उभे केले आहे. सातवीतल्या मुलीने तिथे उभे राहून खाडीकडे बोट दाखवले आणि म्हणाली, “म्हंजे वसई पडायच्या आधी हितं दार लावलं.” इतिहासाच्या पुस्तकातले पानभर तिने एका वाक्यात सांगितले.

चौथ्या दिवशी ऊन फार होते, म्हणून सावलीची जागा निवडली. भाईंदरहून बसने गोराईचा विपश्यना पॅगोडा गाठता येतो. हा मिरा-भाईंदरच्या हद्दीपलीकडे, मुंबईत मोडतो. पण उत्तनच्या रस्त्यानेच जायचे. प्रवेशाला पैसे नाहीत. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते २००९ च्या फेब्रुवारीत त्याचे उद्घाटन झाले. आतला घुमट सुमारे ८५ मीटर व्यासाचा, आणि मधे एकही खांब नाही. दगड एकमेकांत अडकवून तो उभा केला आहे. सुमारे आठ हजार माणसे एका वेळी ध्यानाला बसू शकतात. माझी मंडळी सोलापूरकडची, विजापूरचा गोलघुमट पाहिलेली. मी म्हटले, याचा व्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. पण तिथे आवाज घुमवायचा असतो आणि इथे आवाज करायचा नसतो. धाकटा काचेमागून आत पाहत उभा राहिला. चार मिनिटे तो गप्प होता. त्याच्या आईने घड्याळ लावून मोजली. भगवान बुद्धांच्या चरित्राची चित्रेही तिथे आहेत, ती सावकाश पाहावीत.

घोडबंदरचा किल्ला आम्हाला जमला नाही. तुम्हाला वेळ असेल तर तोही पाहा. उल्हास नदीच्या खाडीवर नजर ठेवणारा पोर्तुगिजांचा किल्ला. १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला. घोड्यांचा व्यापार या बंदरात चाले म्हणून घोडबंदर, असे सांगतात.

चार दिवस संपले. जायच्या आदल्या रात्री पुतण्या पुन्हा कागद घेऊन बसला. या वेळी त्याने तो माझ्यापुढे ठेवला. मागच्या तीन दिवसांत बसभाडे आणि मुलांच्या दोन-दोन काकड्या, एवढाच खर्च. खाली त्याने लिहिले होते: मीठ, गाडी, निवटी, समुद्र, बोंबील, किल्ला, घुमट. त्या शब्दांपुढे आकडे नव्हते.

शिक्षक बंधुभगिनींनो, यावरून एकच गोष्ट मला तुमच्यापुढे ठेवायची आहे. गरीब घरातल्या मुलाला सहलीची वर्गणी जमत नाही, म्हणून ते ‘पोट दुखते’ असे सांगून घरी राहते. आपल्यापैकी प्रत्येकाने असे मूल पाहिले आहे, आणि पुष्कळदा आपल्याला खरे कारण ठाऊक असूनही आपण ते विचारले नाही. वर्षातून एक सहल तरी अशी काढा की जिची वर्गणीच नाही. तुमच्या गावाला समुद्र नसेल. पण ओढा असेल, जुनी वेस असेल, वीटभट्टी असेल, कुंभाराचे चाक असेल. सहलीत चार गोष्टी असाव्यात: एक काम करणारा माणूस, ज्याच्याशी मुले बोलतील, एक हिशेब, जो मुले स्वतः करतील, एक जुनी जागा, आणि एक जिवंत प्राणी किंवा झाड. आणि खबरदारी आधी, सहल मागाहून. त्या कोळणीची हाक मी अजून विसरलेलो नाही. तुमच्यावर ती पाळी येऊ नये.

आणि दुसरी गोष्ट शहरात राहणाऱ्यांसाठी. बिनपैशाची जागा ही बिनमालकाची जागा नव्हे. खाडीकाठ, तिवरे, किनारा, किल्ल्याचा पडका बुरूज, या सगळ्यांचे मालक आपण आहोत. मालक जर तिकडे फिरकलाच नाही, तर एक दिवस तिथे राडारोडा पडतो, मग कुंपण पडते, आणि मग आत जायला तिकीट लागते. मुलांना घेऊन वरचेवर जाणे ही त्या जागांची राखणच आहे.

परवा संध्याकाळी गावाहून फोन आला. मुलगी आता आठवीत आहे. तिने शाळेत परातीतल्या मिठाचा प्रयोग केला; पाऊस येऊन एकदा तो फुकट गेला, मग तिने पुन्हा मांडला. ते सांगून झाल्यावर म्हणाली, “आजोबा, आज षष्ठी हाय. सहाची पाऊणपट साडेचार. म्हंजे साडेचारला तुमच्याकडं भरती आली असंल, व्हय ना?”

मी खिडकीबाहेर पाहिले. मग वर्तमानपत्र काढून वेळ पाहिली. तिचा हिशेब बरोबर होता.